मिस्त्रीचं काळं कडं

वाशीमला नोकरी लागल्यावर माझ्या नातीनं एक जुनी मोटार विकत घेतली. मागच्या दिवाळीत ती घेऊन घरी आली, तर मागच्या धुराच्या नळीला असतं ते चकचकीत कडं काढून तिनं काळं रंगवून आणलं होतं. म्हणाली, आजी, आता अशीच पद्धत आहे, चमकणारं सगळं काळं करतात, आणि त्याचे पैसेही चांगले घेतात. मी म्हटलं, पन्नास वर्षांपूर्वी शेलूबाजारला एक माणूस हे फुकट करून देत होता आणि लोक त्याच्याशी भांडायला येत होते. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते. मला गंमत करता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यात गंमत नव्हती.

तो माणूस मोटारींचा मिस्त्री होता. त्याला नाव होतं, पण कुणी ते घेत नव्हतं. सगळे मिस्त्रीच म्हणायचे, मीही तेच म्हणते. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. शेलूबाजारच्या मोठ्या रस्त्याला लागून त्याचं टिनाचं शेड होतं आणि शेडला खेटून माझं चहा-भज्यांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर तुराट्या, एक भट्टी आणि दोन बाकडी. माझा नवरा होता, पण तो शेतात असायचा. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, म्हणून त्याला इथेच सोडते.

आम्हा दोघांची जागा शिरपूरच्या एका शेठची होती. शेठ जैन, धान्याचा मोठा व्यापारी. जागा त्यानं तोंडी दिलेली. राहा म्हणाला म्हणून राहिलो, ऊठ म्हणाला असता तर उठावं लागलं असतं. हे मी रोज लक्षात ठेवून होते. मिस्त्री ठेवत नव्हता.

मिस्त्री उंच, वाकलेला, दाढी अर्धी पांढरी. बसायचा उपड्या घमेल्यावर, खुर्ची दिली तर तिच्यावर पान्हे ठेवायचा. दुसऱ्याच्या गाडीत शिरताना चपला बाहेर काढायचा. म्हणायचा, पराया घर आहे. मग गाडी तपासायला म्हणून मंगरूळपीरपर्यंत चालवत न्यायचा आणि चपला इथे रस्त्यावर राहायच्या. दोनदा चोरीला गेल्या. तिसऱ्या वेळेपासून मी त्या उचलून माझ्या बाकड्याखाली टाकायला लागले. त्यानं कधी विचारलं नाही त्या तिथे कशा जातात. सरळ येऊन बाकड्याखालीच पाय घालायचा.

त्याचा एक नियम होता. गाडी घेऊन आलेल्या माणसानं काही खाल्लं-प्यायल्याशिवाय गाडीत काय बिघडलं ते तो सांगायचा नाही. बघून झालं की हात पुसत यायचा आणि म्हणायचा, आधी चहा घ्या. लोक चिडायचे. एकदा कामरगावचा एक जीपवाला चहा नको, दोष सांग म्हणून अडून बसला. मिस्त्रीही बसला, घमेल्यावर. दोघं समोरासमोर बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी जीपवाल्यानं दोन प्लेट भजी खाल्ली. मी मिस्त्रीला विचारलं, हे माझ्या धंद्यासाठी करता का? त्याला राग आला.

"उपाशी माणसाले खराबी सांगू नये, बाई. अर्धा राग त्याच्या पोटाचा असते, अन् काढते तो आपल्यावर."

माझ्या धंद्यासाठी नसलं तरी माझा धंदा त्यावर चालला, हे खरं आहे.

मी उलट्या स्वभावाची. माणूस बाकड्यावर बसायच्या आधीच मी सांगायची की भजी सकाळची आहेत, हवी तर घे. मिस्त्री म्हणायचा, बाई, तुमची जीभ म्हणजे बिनब्रेकची ट्रक. मी म्हणायची, तुमची म्हणजे बिनइंजिनाची.

आता कड्याचं सांगते. तेव्हा मोटारी कमी. शेठ, डॉक्टर, एखादा साहेब यांच्याकडेच असायच्या. हौशी माणूस धुराच्या नळीच्या टोकाला निकल केलेलं चकचकीत कडं बसवून घ्यायचा. मिस्त्रीला ते डोळ्यांसमोर चालत नव्हतं. गाडी कशासाठीही येवो, ब्रेकसाठी येवो की बत्तीसाठी, तो आधी मागे जाऊन ते कडं काढायचा. काढायची त्याची रीत होती. खालचा स्क्रू गंजलेला असायचा. त्यावर रॉकेलचे थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. हातोडी मारायची नाही. मारून काढलेली वस्तू रुसते आणि पुन्हा नीट बसत नाही, असं त्याचं म्हणणं. तासाभरानं स्क्रू सुटायचा. मग कडं रेतीच्या कागदानं घासून घासून निकल उडवायचा आणि काळा रंग द्यायचा.

लोक विचारायचे, काहून बा, आमचं चांगलं कडं काळं काहून केलं?

"म्हशीच्या शेपटीले कोणी पैंजण बांधते का?" एवढंच उत्तर द्यायचा. लोक एक तर हसून जायचे, नाही तर शिव्या देऊन. मीही कितीतरी दिवस त्याला थोडा येडाच समजत होते.

खरी गोष्ट त्यानं मला कळू दिली ती माझा एक उपकार झाला म्हणून. त्याचा काळा रंग टिकत नव्हता. नळी तापायची, आठ दिवसांत रंगाचे पापुद्रे निघायचे. दुकानातून तीन-चार प्रकारचे रंग आणून झाले. एकदा तो पापुद्रे खरवडत बसला होता आणि मी भाकरी टाकत होते. मी म्हटलं, मिस्त्री, माझा तवा रोज आगीवर असतो, त्याचा काळा रंग कधी निघाला का? तेल लावायचं, तापवायचं, पुन्हा तेल लावायचं, पुन्हा तापवायचं. तवा असाच काळा होतो. रंग वरून लावायची वस्तू नाही, लोखंडाला पाजायची वस्तू आहे.

तो माझ्या तव्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी जवसाचं तेल घेऊन आला. माझ्या चहाच्या भांड्याच्या बुडाची काजळी खरवडून तेलात घोटली, कड्याला लावली आणि गोवऱ्यांच्या आगीवर भाजली. तीन दिवस, तीन वेळा. ते कडं एका जीपला बसवलं आणि वर्षभर रंग हलला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तो माझ्या भांड्यांची बुडं खरवडायला यायचा. भांडी आयती घासून निघायची. मला कशाला वाईट वाटेल?

मग त्यानं मला कड्यापाशी उकिडवं बसवून दाखवलं. धुराची नळी म्हणजे गाडीची जीभ. वैद्य जीभ पाहतो, मिस्त्रीनं नळी पाहावी. इंजिन ठीक असेल तर टोकाशी कोरडी, पांढुरकी राख बसते. इंजिन आतून तेल जाळत असेल तर टोक ओलं आणि चिकट होतं. निकलच्या कड्यावर यातलं काही कळत नाही, कारण मालक रोज फडक्यानं पुसून चमकवतो.

"पाटी काळी असली तरच खडू दिसते, बाई. पांढऱ्या भिंतीवर काय दिसते?"

मी म्हटलं, हे लोकांना का सांगत नाही? म्हशीचं काय सांगत बसता? तर म्हणाला, लोकांना सांगितलं की ते स्वतःच पाहतील, मग माझ्याकडे कोण येईल. हे एवढं एकच शहाणपणाचं बोलणं मी त्याच्याकडून ऐकलं. आणि लगेच म्हणाला की तसं नाही, सांगायचा कंटाळा येतो.

त्याच वर्षी वैशाखात शेठच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी कारंज्याला द्यायची होती. शेठची पांढरी अ‍ॅम्बेसेडर वरातीला सजणार होती. दोन दिवस आधी शेठ स्वतः गाडी सोडून गेला. जाताना सांगितलं, आवाज पाहून घे, धू, पूस, आणि मागचं कडं चांगलं चमकव. मी भट्टीपाशी होते, माझ्या कानांनी ऐकलं.

शेठची पाठ फिरली आणि मिस्त्रीनं कड्याच्या स्क्रूवर रॉकेल सोडलं.

मी म्हटलं, मिस्त्री, लग्नाची गाडी आहे. जागा शेठची आहे. माझीसुद्धा. तो म्हणाला, लग्नाच्या गाडीला तर आणखीच पाहिजे, रस्त्यात बंद पडली तर? मी म्हटलं, मग आत्ता इंजिन पाहा ना. तर म्हणे, पाहिलं, आज तरी ठीक वाटते, पण मला शंका आहे, कडं काळं असलं की आठ दिवसांत ते स्वतःच सांगेल.

निकल घासून झालं आणि लक्षात आलं की जवसाचं तेल संपलं आहे. तीन दिवस भाजायचं काम एका दिवसात उरकायचं होतं. तो वाटी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. माझ्याकडे कढईतलं उरलेलं तेल होतं. मी दिलं. विचार केला नाही. त्यानंही केला नाही. आम्ही दोघंही कांदा खाणारी माणसं, आम्हाला त्याचा वास येतच नव्हता. त्या कढईत मी दोन दिवस कांदाभजी तळली होती.

गाडी न्यायला ड्रायव्हर आला तेव्हा घाईत होता. त्यानं समोरचं पाहिलं. समोरचं सगळं चकचकीत होतं.

पुढचं मला नंतर कळलं, पण सगळ्यांनी सारखंच सांगितलं, म्हणजे खरं असणार. कारंज्यात वरात निघाली. पुढे बँड, मध्ये फुलांनी झाकलेली गाडी, आणि गाडीच्या मागे पायी चालत मुलीच्या सासरची सगळी मोठी माणसं. गाडी मुंगीच्या पावलानं चालली. नळी तापली, कडं तापलं, आणि अर्धवट भाजलेलं ते तेल आपला वास सोडायला लागलं. जैनांच्या वरातीत, कांदा-लसूण ज्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही अशा माणसांच्या नाकात, बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कांदाभज्यांचा वास. बँडवाल्यांना म्हणे भूक लागली.

वरातीनंतर पाचव्या दिवशी शेठ आला. एकटा, स्वतः गाडी चालवत. गाडी शेडसमोर उभी केली आणि इंजिन बंद करून थोडा वेळ आतच बसून राहिला. मग उतरला. शेठ ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मिस्त्री, माह्या पोरीच्या आत्येसासूनं साऱ्यायच्या समोर मले विचारलं, का हो, तुमच्या घरी कांदा चालते का?"

मिस्त्री घमेल्यावरून उठला. म्हणाला, चूक माझी आहे, तेल माझं होतं. खोटं बोलला. माझं नाव येऊ नये म्हणून बोलला हे मला कळलं. गप्प बसावं असं माझ्याही मनात आलं, ते मी नाकारत नाही. भट्टी माझी होती, घरी खाणारी तोंडं चार होती. पण दुसऱ्याच्या खोट्याआड बसायची मला सवय नाही. मी भट्टीवरून उठून सांगितलं, शेठजी, तेल माझं होतं, भज्यांच्या कढईतलं.

शेठनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हणाला, आठ दिवसांत दोघंही जागा खाली करा.

मिस्त्रीनं मान हलवली. आणि मग सवयीनं, जसा प्रत्येक गाडीच्या मागे जायचा तसा, तो शेठच्या गाडीच्या मागे गेला आणि उकिडवा बसला. त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. उठून आला, हात पुसले आणि म्हणाला, शेठजी, थोडं चहापाणी घ्या.

शेठ म्हणाला, आज चतुर्दशी आहे, माझा उपास आहे.

मिस्त्री तिथेच थांबला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी असा अडकलेला माणूस जन्मात पाहिला नाही. शेठ गाडीकडे वळला. उद्या म्हाताऱ्या आईला अकोल्याला न्यायचं आहे, असं काहीतरी स्वतःशीच बोलला. मी मागे जाऊन कडं पाहिलं. पाटी स्वच्छ वाचता येत होती. ओली, चिकट, कड्याच्या खालून थेंब लोंबत होता.

मी मिस्त्रीजवळ जाऊन म्हटलं, सांगा ना त्यांना.

"उपाशी आहे," तो पुटपुटला.

जागा चालली होती, धंदा चालला होता, दुसऱ्या दिवशी एक म्हातारी भर उन्हात रस्त्यात अडकणार होती, आणि हा माणूस नियम धरून उभा होता. मी शेठपुढे जाऊन उभी राहिले.

"शेठजी, तुमची गाडी तेल पिऊन राह्यली. अकोल्याले पोचणार नाही."

शेठ म्हणाला, बाई, तू आता मोटारीची मिस्त्री झालीस का? मी त्याला मागे नेलं, कड्यावर बोट फिरवलं आणि दाखवलं. तो म्हणाला, हे तुझ्याच कढईचं तेल आहे. मी म्हटलं, माझं तेल वरातीतच जळून गेलं, तुम्हीच सांगता सगळ्या कारंज्याला वास आला म्हणून. हे नवीन आहे. कांद्याचा वास येतो का पाहा.

शेठनं कड्याला बोट लावलं. आधी लांबून हुंगलं, मग जवळून. जन्मात कांदा न खाल्लेला माणूस, पण पाच दिवसांपूर्वी त्याला तो वास चांगला ओळखीचा झाला होता. पुन्हा हुंगलं. मग पांढरा रुमाल काढून बोट पुसलं आणि रुमालावरचा डाग पाहत राहिला.

"कांदा नाही," तो म्हणाला.

मग मिस्त्रीकडे वळला. काय झालं आहे ते नीट सांग म्हणाला. मिस्त्री जमिनीकडे पाहत उभा. शेठ चिडायला लागला तेव्हा मीच म्हटलं, तुम्ही काही घेतल्याशिवाय तो सांगणार नाही, त्याला तसला रोग आहे. शेठ म्हणाला, मला उपासाला फक्त उकळलेलं पाणी चालतं. मिस्त्रीनं एकदम मान वर केली. म्हणाला, पाणी चालते, पाण्यानं होते.

माझी भांडी शेठला चालणार नव्हती. त्याचा स्वतःचा पितळी लोटा गाडीत होता, घासून सोन्यासारखा. मी भट्टी झाडली, नवे कोळसे घातले आणि लोटा विस्तवावर ठेवला. पाणी उकळलं. मग ते निवेपर्यंत बसावं लागलं. शेठ बाकड्यावर, मिस्त्री घमेल्यावर, मी भट्टीपाशी. रस्त्यावरून कारंज्याची एसटी गेली. शेठनं मिस्त्रीच्या पायांकडे पाहिलं, मिस्त्री अनवाणी होता, चपला शेठच्या बाकड्याखाली होत्या. शेठनं पाय बाजूला घेतले. मिस्त्रीनं त्या घातल्या.

शेठ पाणी प्यायला आणि मिस्त्रीचं तोंड उघडलं ते बंद होईना. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वरातीत हळू चालवल्यानं आणखी बिघडलं, इंजिन खोलावं लागेल, रिंगा अकोल्याहून आणाव्या लागतील. सगळं सांगून म्हणाला, आठ दिवस लागतील.

"आठ दिवसांत तर तुले जागा खाली कराची आहे," शेठ म्हणाला.

"हो ना. मंग गाडी कुठी खोलू?"

त्यानं हे चलाखीनं विचारलं नव्हतं. त्याला खरंच अडचण पडली होती. शेठनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्यालाही ते कळलं असावं. आधी गाडी कर, म्हणाला. त्या आठ दिवसांनंतर जागेचा विषय कुणी काढला नाही. शेठनं नाही, आणि आम्ही कशाला काढतो?

त्या दिवशी शेठ एसटीनं परत जाणार होता. निघताना त्यानं लोटा मागितला. लोटा मिस्त्रीच्या हातात होता. त्याचं बूड विस्तवानं काळं झालं होतं आणि मिस्त्री चाकूनं ती काजळी आपल्या डबीत खरवडत होता. शेठनं विचारलं, याचं काय करतोस? मिस्त्री म्हणाला, तुमच्या कड्याला लावायला.

शेठनं डबीत डोकावून पाहिलं.

"लाव," तो म्हणाला. "पण तेल जवसाचं."

पुढे कित्येक वर्षं ती गाडी या रस्त्यानं जायची. पुढून पांढरी, चकचकीत, मागे कडं तव्यासारखं काळं. शेठ थांबला की ड्रायव्हरच्या आधी स्वतः मागे जाऊन बोट फिरवायचा. पाहून, हुंगून मग आत बसायचा. हुंगायची काही गरज नव्हती, पण ती सवय गेली नाही.

मिस्त्री म्हातारा झाल्यावर कारंज्याला मुलीकडे गेला. तिथेच वारला. मला महिन्यानं कळलं. मी रडले नाही. रडण्यासारखं तो काही वागलाच नव्हता. त्याच्या चपलांचा एक जोड बाकड्याखाली राहिला होता, तो मात्र मी कुणाला दिला नाही. मापाचा माणूसही मिळाला नाही म्हणा.

नातीची गाडी अंगणात उभी होती. ती दाखवत होती, हे बघ आजी, इथून काढलं, इथे रंगवलं. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्या काळ्या कड्यावर बोट फिरवलं. बोट ओलं आलं. हुंगलं. कांदा नव्हता.

"काय गं, काय झालं?" नातीनं विचारलं. वाशीमहून गाडी चालवत आलेली, सकाळपासून पोटात काही नाही.

मी बोट पदराला पुसलं.

"हात-पाय धू," मी म्हटलं. "आधी जेवून घे."